जादा फेरा

तीर्थपुरीच्या शिवारात मोटार जळाली की लोक नाव कडूबाचं घ्यायचे, पण काम अर्धं उषाबाईचं असायचं. विहिरीत बुडवायच्या मोटारीचं वाइंडिंग एकट्याला जमत नाही. मोटारीचं लांबट पोकळ नळकांडं आडवं ठेवायचं, एका तोंडाशी एकानं बसायचं, दुसऱ्या तोंडाशी दुसऱ्यानं, आणि खाचांमधून तार इकडून तिकडं, तिकडून इकडं ओवत राहायची. कडूबाचं लग्न झालं तेव्हा त्याच्याकडं दुसरा माणूस नव्हता, म्हणून हळद उतरायच्या आत त्यानं बायकोला समोर आणून बसवलं. तेव्हापासून दोघांचा संसार मोटारीच्या दोन टोकांना बसूनच झाला. फेरे तो मोठ्यानं मोजायचा. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तसा तोही पहिल्या फेऱ्याला लाभ म्हणायचा. उषाबाईला राग आलेला असला की ती तार जरा हिसक्यानं ओढायची, तो मोजणं चुकायचा, आणि पुन्हा लाभपासून सुरू. तिची भांडायची हीच तऱ्हा होती, आणि ती फार गुणकारी होती.

दुकानाचा नियम एकच. शंका आली तर एक फेरा जादा घालायचा.

“फेरा कमी पडला तर मोटार जळती,” कडूबा सांगायचा. “जादा झाला तर नुसती सुस्त व्हती. सुस्त चालंल, जळाली नको.”

हे वाक्य उषाबाईनं इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं म्हणून दाखवलं असतं. पुढं जे झालं ते या वाक्यापायी झालं. वाक्य मात्र खोटं नव्हतं. मोटारीपुरतं अगदी बराबर होतं.

कडूबाला खोड म्हणाल तर बिडीची. सकाळी डोळा उघडायच्या आधी हात बंडलाकडं जायचा. खोकला सुरू झाला तेव्हा त्यानं तो वाइंडिंगच्या व्हार्निशवर ढकलला, मग धुरळ्यावर, मग उषाबाईच्या फोडणीवर. शेवटी जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला आणि सांगितलं, बिडी सोडा, नाहीतर पुढचं मला विचारू नका. कडूबा घाबरला, नाही असं नाही. नवरात्रात त्यानं अंबडच्या मत्स्योदरीला बिडी वाहिली, म्हणजे नवस बोलून सोडली. दसऱ्याला सोनं वाटून आला तो बिडी ओढतच. उषाबाईनं विचारलं तर म्हणे, “नवस नवरात्रापुरता व्हता. देवीला बराबर माहीत हाये.” लवंगा झाल्या, बडीशेप झाली, ज्येष्ठमधाच्या कांड्या झाल्या. ते सगळं संपलं, बिडी काही संपली नाही.

लोक हसायचे. उषाबाईही हसायची, पण वरवरच. तिला दुसरं काही नको होतं. मोटारीच्या समोरच्या टोकाला हा माणूस बसलेला हवा होता, एवढंच.

मग त्यांचा मुलगा कल्याण रजेवर आला. तो दुबईला एसीच्या कामावर होता. येताना कपड्यांच्या घडीत लपवून त्यानं एक वस्तू आणली. दोन काडेपेट्या जोडल्या तर होईल एवढी डबी, वर काचेची छोटी टाकी, आणि बाजूला इवलासा पडदा, त्यावर आकडा.

“इकडं हे विकायलाबी बंदी हाये अन् आणायलाबी,” तो म्हणाला. “गावात मिरवू नका. पण बा, तुझी बिडी सुटायची असंल तर यानंच सुटंल. तिकडं माझ्या खोलीतल्या दोघांची सुटली.”

त्यानं टाकी उघडून दाखवली. आत बारीक तारेची कॉइल, तिच्या पोटातून ओवलेला कापूस, भोवती तंबाखूच्या अर्काचा रस. बटण दाबलं की कॉइल तापते, कापसातल्या रसाची वाफ होते, ती ओढायची. आकडा म्हणजे कॉइलला किती ताकद सोडायची ते. रस न घालता त्यानं बटण दाबलं तशी कॉइल लालभडक झाली, आणि उषाबाई ओरडली, “अरे, जळाली!” बापलेक हसून हसून आडवे झाले. जन्मभर तिनं कॉइल तापू नये म्हणून जीव आटवला होता, आणि इथं कॉइलचं कामच तापायचं. त्या वस्तूचं नाव घरात ‘वाफारा’ पडलं.

जालन्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “बिडीही वाईट, हेही वाईट. मी याला हो म्हणणार नाही. माझं म्हणणं आहे, दोन्ही सोडा.” उषाबाईनं ऐकलं सगळं, घेतलं मात्र सोयीचं. दोन वाइटांतलं कमी वाईट कोणतं, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या झुरक्याला कडूबाचा जीव जायची वेळ आली होती. कल्याणनं स्वतःच्या पसंतीनं जाड तारेचे चार फेरे घालून आकडा चाळिसाच्या वर नेला होता. घरभर ढग झाले, शेजारची शेळी दावं तोडायला लागली, आणि कडूबा खोकून खोकून निळा पडला.

“मला ढग नको रे,” श्वास आल्यावर तो म्हणाला. “नरड्याला घोट लागला पायजे. बिडीवानी.”

मग दुकानाच्या फळीवर तिघांची शाळा भरली. कल्याणनं बारीक तारेचं रीळ काढलं. कडूबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्याला ती तार दिसतच नव्हती, म्हणून गुंडाळायचं काम उषाबाईकडं आलं. ड्रिलच्या बारीक बिटाच्या दांडीवर तिनं तार गुंडाळली, फेऱ्याला फेरा चिकटून. कडूबा बाजूनं तिच्या हाताच्या फिरण्यावरून मोजत होता, लाभ, दोन, तीन. पाच फेऱ्यांवर घसा भाजला. सहावर बरं वाटलं. मग आकड्याची पाळी. वीसवर जळकट चव, कापूस करपला. दहावर तोंडात नुसते थेंब. बारा, तेरा, असं चढत चढत चौदावर कडूबा थांबला. त्यानं डोळे मिटले, झुरका छातीत ठेवला, सोडला.

“हां. हे बराबर हाये.”

रसाच्या बाटल्या कल्याणनं भरपूर आणल्या होत्या, कापूस मात्र संपला, तेव्हा उषाबाईनं घरचाच घेतला. सरकी काढून, उकळून, उन्हात वाळवून. देवाच्या वाती वळणाऱ्या हातांनीच तिनं वाफाऱ्याचीही वात वळली. फार घट्ट वळली तर रस चढत नाही आणि कापूस जळतो, सैल वळली तर रस तोंडात येतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. कॉइल तापवून बघायची, ती मधून लाल होत दोन्ही कडांकडं सारखी पसरली तर ठीक, एखादा फेरा आधी पेटला तर चिमट्यानं दाबून पुन्हा बघायची. कल्याण परत गेला तेव्हा माय पक्की तयार झाली होती.

आणि बिडी सुटली. खरंच सुटली. उषाबाईनं खिसे तपासले, गादीखाली पाहिलं, पत्र्याच्या डब्यात पाहिलं. काही नाही. गोधडीचा वास गेला. सकाळी उठल्यावर कडूबा आधी चहा मागू लागला. ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं तिला आजही वाटतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही. सुख चालू असताना कुणाच्या लक्षात येतं?

खोकला मात्र पुरता गेला नव्हता. तो ऐकला की तिला डॉक्टरांचं बोलणं आठवायचं, हेही वाईट. मग तिनं तिच्या मनानं एक ठरवलं. लेकराचं दूध तोडायचं असलं की शहाणी बाई एकदम तोडत नाही. आज एक वेळ कमी, आठवड्यानं आणखी एक, आणि लेकराला कळू द्यायचं नाही, कळलं की ते हट्टाला पेटतं. कल्याणचं दूध तिनं असंच तोडलं होतं. नवऱ्याचंही तसंच तोडायचं. आणि कसं तोडायचं ते तर दुकानानं शिकवलंच होतं. एक फेरा जादा. जळण्यापेक्षा सुस्त बरं.

बाजारच्या दिवशी ती कॉइल बदलायची. त्या बाजाराला तिनं सहाचे सात फेरे केले आणि वाफारा त्याच्या हातात देऊन भाकरी थापायला बसली, पण कान मागं. कडूबानं झुरका घेतला. थोडा थांबला. पुन्हा घेतला.

“कसं हाये?” तिनं पाठमोरीनंच विचारलं.

“झकास.”

तिचा जीव भांड्यात पडला. पुढं आठ झाले, नऊ झाले, आणि आकडाही चौदावरून बारा, अकरा, दहा असा उतरला. डोळ्यांनी त्याला आकडा धड दिसत नव्हता. तो दर वेळी झकास म्हणायचा, आणि दर वेळी जरा जास्तच मोठ्यानं. “उषे, तुझ्या हाताची कॉइल म्हंजी कॉइल हाये.” ज्या माणसानं इतक्या वर्षांत भाजीला कधी बरी म्हटलं नाही, तो वाफाऱ्याची एवढी तारीफ करतो, यात तिला काही खटकायला हवं होतं. पण आपली तारीफ कुणाला खटकते? झुरका घेतला की तो उपरण्यानं ओठ पुसायचा. तिला वाटायचं, तृप्त झाला. जावेला, मालनबाईला तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “सुटून राह्यलं बाई हळूहळू. त्यांला पत्ताबी न्हाई.”

त्याच सुमाराला कडूबाच्या शेतावरच्या चकरा वाढल्या. अमक्याचा स्टार्टर बघून येतो, तमक्याची मोटार आवाज करून राह्यली. परत यायचा तो बडीशेप चघळत. उषाबाईला बरंच वाटायचं. माणूस फिरायला लागला, अंगात ताकद आली, असं ती म्हणायची.

हिवाळ्यात त्याला धाप लागली ती बसेना. जालन्याला नेलं, स्टेशनकडच्या एका दवाखान्यात. नळ्या लागल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “बिडी चालू आहे?” कडूबानं मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, त्यांनी उषाबाईकडं पाहिलं. ती पुढं झाली.

“न्हाई साहेब. सुटली ती. माझी शपथ हाये. माझा माणूस खोटं बोलत न्हाई.”

कडूबानं तेव्हा तोंड भिंतीकडं फिरवलं. तिला वाटलं, दमला.

दवाखान्यात असतानाच देवानंदचा फोन आला. देवानंद म्हणजे कडूबाचा जुना दोस्त, अंतरवाली सराटीच्या वाटेला त्याचं शेत. हरभरा सुकत चालला होता आणि मोटार पाणी उचलत नव्हती. त्याला सांगायची लाज वाटत होती, पण दुसरा माणूस मिळत नव्हता. मालनबाई म्हणाली, “जाय तू, मी बसते इथं.” उषाबाई सकाळच्या गाडीनं गेली.

शेतात जाऊन तिनं खांबावरची स्टार्टरची पेटी उघडली. ही पेटी म्हणजे कडूबाचा दुखरा भाग. तिच्यात कुणी चिंधी ठेवली तरी तो शेतकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आग लागंल म्हणून. पेटीच्या खालच्या कोपऱ्यात, तारांच्या मागं, बिडीचं बंडल होतं. त्यावर काडेपेटी.

“देवाभाऊ, हे तुमचं?”

देवानंद जन्मात बिडीला शिवला नव्हता आणि तिला ते माहीत होतं. तो खाली ढेकळांकडं बघत राहिला.

“फक्त माझ्याच पेटीत न्हाई, वहिनी. या शिवारात लई पेट्यांत सापडंल.”

तिनं बंडल उचलून त्याच्यापुढं धरलं, म्हणून त्यालाच पुढं बोलावं लागलं.

“म्या म्हणलं त्याला, वहिनीला सांग की, दोन फेरे कमी कर म्हणावं. तर म्हणला, ‘ती माझं दूध तोडून राह्यली देवा. लई मायेनं ओवती. मला कळलंय हे तिला कळलं तर तिचं मन मोडंल.’”

“त्यांला दिसत नव्हतं,” उषाबाई म्हणाली.

“मोटारीच्या आवाजावरून फेरे सांगणारा माणूस तो. त्याला दिसायला कशाला पायजे?” आता सुरुवात झालीच होती. “पह्यल्यांदा लावून दिल्तं तवा त्याला बिडीची याद बिलकुल येत नव्हती म्हणायचा. मंग मंग त्याच्यात काही लागंना. घरी तुमच्यासमोर ते ओढायचा अन् इकडं येऊन हे.”

उषाबाईनं पेटीतला जळका कॉन्टॅक्ट, वीज जोडणारा तुकडा, काढला, घासला, बसवला, बटण दाबलं. मोटारीनं पाणी उचललं. तिनं पदरानं हात पुसले आणि देवानंदच्या गाडीवर मागं बसून तीर्थपुरीला आली.

वाफारा फळीवर होता, शेवटच्या कॉइलसकट. तिनं तो आजवर कधी तोंडाला लावला नव्हता. दार लोटून घेतलं, बटण दाबलं आणि ओढला. गुडगुड आवाज झाला. कोमट हवा आली, पावसाळ्यात कोंदट खोलीत असते तशी, आणि जिभेवर रसाचा एक कडवट थेंब. बाकी काही नाही. तिनं पुन्हा ओढला, जोरात. पुन्हा तेच. ओठावर आलेला थेंब तिनं पदरानं पुसला, आणि तो उपरण्यानं ओठ का पुसायचा ते तिला कळलं. याला तो झकास म्हणत होता. महिनोन्महिने रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून ही कोमट हवा ओढत होता आणि झकास म्हणत होता. सहा फेरे तसेच ठेवले असते तर. आकडा चौदावरच राहू दिला असता तर. उषाबाई फळीला डोकं टेकून रडली, आणि तिच्या रडण्यात राग कुणावरच नव्हता, त्यामुळं ते थांबेना.

जालन्याला पोचल्यावर ती आधी डॉक्टरांकडं गेली.

“साहेब, त्या दिवशी म्या शपथ घेतली ती खोटी निघाली. बिडी चालू व्हती. मला आज कळलं.”

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. “आता त्यानं फारसा फरक पडत नाही, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही त्यांच्याजवळ बसा.”

कडूबा जागा होता. तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यानं विचारलं, “देवाची मोटार झाली?”

“झाली. कॉन्टॅक्ट जळाल्ता.”

त्यानं तिच्याकडं जरा रोखून पाहिलं. पेटी उघडल्याशिवाय कॉन्टॅक्ट दिसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तिचं तोंड रडून सुजलेलं होतं. तिनं पटकन सांगून टाकलं, “देवाभाऊनीच खोलून ठेवली व्हती पेटी. बाकी सगळं साफ करून.”

कडूबाचा जीव खाली बसलेला तिला दिसला. तो हळूच हसला.

“वाफारा आणायचा व्हता,” तो म्हणाला. “तुझ्या हाताचा एक घोट मिळाला असता तर बरं वाटलं असतं.”

तिला हजार गोष्टी बोलायच्या होत्या. माफ करा म्हणायचं होतं, आणि का सांगितलं नाही म्हणून भांडायचंही होतं.

“उद्या आणते,” ती म्हणाली. “नवी कॉइल घालून.”

“बिडी सोडवली बघ तू माझी. देवीला जमलं न्हाई ते.”

“व्हय,” उषाबाई म्हणाली. “सोडवली.” तिनं त्याचा मास्क नीट बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबा गेला.

कल्याणला विमान मिळून यायला वेळ लागला, माती त्याला मिळाली नाही. दहावा झाला, पाव्हणे पांगले. कल्याण दुकानात येऊन बसला, मोटारीच्या त्या टोकाला, बापाच्या जागी. फळीवर वाफारा होता. त्याच्यातली कॉइल उषाबाईनं काढून टाकली होती. त्यानं तो हातात घेतला, उलटासुलटा केला.

“माय, एक सांग. बाची बिडी तर सुटली व्हती ना शेवटाला?”

“सुटली व्हती.”

“खरं सांग.”

“खरंच सांगून राह्यले. हातसुद्धा लावला न्हाई.”

कल्याणचे डोळे भरून आले. “मंग बास. मला तेवढंच पायजे व्हतं. तिकडं रात्रंदिवस तेच डोक्यात, म्या आणलेलं कामाला आलं का न्हाई.” त्यानं बाहीनं नाक पुसलं. “आकडा किती ठेवत व्हतीस?”

उषाबाईनं तारेचं रीळ उचलून बाजूला ठेवलं.

“तू लावून गेल्तास तोच,” ती म्हणाली. “म्या काही बदललं न्हाई.”